शिमेआतली माटोळी

आमचे शेजारी पुनूकाका वांग्याची चौकशी केल्याशिवाय ते पिशवीत टाकत नाहीत. साखळीच्या सोमवारच्या बाजारात एखाद्या टोपलीपुढे ते उकिडवे बसतात, एक वांगे उचलतात, देठाशी नाक नेतात आणि अगदी आस्थेने विचारतात, "तूं खंयचें?" वांगे काही बोलत नाही, पण पुनूकाकांना उत्तर मिळालेले असते. "बेळगांव," असे जाहीर करून ते वांगे जागच्या जागी ठेवतात आणि टोपलीवालीकडे असे बघतात की ती पदर सारखा करत म्हणते, "काका, पोटाक कितें तरी विकूंक जाय न्हय?"

त्यांचा अंदाज चुकलेला मी अजून पाहिलेला नाही. माझ्या नवऱ्याने एकदा परीक्षा घ्यायची म्हणून आमच्या परसातल्या काकड्यांत ट्रकमधून आलेली एक काकडी मिसळली आणि ताट त्यांच्यापुढे ठेवले. काकांनी बोलता बोलता नेमकी तीच उचलून बाजूला काढली आणि विचारले, "हें कोण?" 'हे काय' नव्हे, 'हे कोण'. नवऱ्याने ताट उचलून आत नेले. मी तर त्या दिवसापासून त्यांना चहा देताना पावडर कुठली हा विचारही मनात येऊ देत नाही, न जाणो त्यांना तोही ऐकू जायचा.

गावात त्यांना पाठीमागे 'चेकनाका' म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतेही. आमच्या कारापूरच्या शिमेच्या, म्हणजे हद्दीच्या, आत जे उगवते ते गांवठी आणि बाकी सगळे भायले, अशी त्यांची साधी वाटणी आहे. तिच्यातून पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, उंडा तेवढा सुटतो. सकाळी सायकलचा भोंपू वाजला की काका पायरीवर हजर. उंड्याचा गहू कुठला आणि हल्ली तो भाजणारे हात कुठले, हे त्यांना कोणी विचारायचे नाही. मी एकदा विचारले. "ताचो विशय वेगळो," म्हणाले आणि उंडा चहात बुडवला.

मी स्वतः पेडण्याची. लग्न होऊन आले त्या आठवड्यात सासूबाईंनी मला काकांच्या पाया पडायला नेले. माझ्या हातात माहेरच्या लाल मिरच्यांची पुडी होती. आमच्याकडे पाहुण्यांना कौतुकाने देतात तसल्या त्या मिरच्या. काकांनी आशीर्वाद दिला, पुडी हुंगली आणि परत माझ्या हातात ठेवली. "मिरसांग बरी आसा. पूण पेडणें म्हळ्यार शापोरा न्हंयच्या पलतडीं. भायलीच ती."

सासूबाई म्हणाल्या, "पुनू, सून आसा ती आमची."

"सूनय भायलीच. पूण सून रावतली. मिरसांग खावन सोंपतली."

तेव्हापासून त्यांनी मला नावाने हाक मारलेली नाही. 'पेडणें' म्हणतात. "पेडणें, खंय चल्लें गो?" दर चवथीला, गणपतीच्या सणाला, मी मिरच्यांची पुडी घेऊन त्यांच्याकडे जाते आणि दर चवथीला ती परत घेऊन येते. आता आम्हा दोघांनाही त्यात मजा वाटते.

नवऱ्याने एकदा त्यांना छेडलेच. मिरची काय, काजू काय, सगळे जहाजातून आलेले, मग गांवठी म्हणून उरले काय, असे विचारले. काका जराही डगमगले नाहीत.

"येवन कितलो तेंप जालो?"

"शेकड्यांनी वर्षं."

"आनी मागीर? परत गेले?"

"नाही."

"रावले न्हय? रावलो तो आमचो. आनी गेलो तो..." एवढे बोलून ते थांबले आणि म्हशीला पाणी दाखवायचे राहिले म्हणत उठून गेले. म्हशीने तासाभरापूर्वीच पाणी प्यायले होते, हे आमच्या पडवीतून आम्ही पाहिले होते.

काका पोर्तुगीज अमदानीत जन्मलेले. उमेदीची वर्षे त्यांनी पाळी गावच्या खाणीवर स्वतःचा ट्रक चालवला. खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक विकून ते आपल्या पडीक शेतात उतरले. बाकीचे ट्रकवाले कपाळाला हात लावून बसले होते आणि हा माणूस गुडघाभर चिखलात उभा राहून शीळ घालत होता. काकी पुढे थोड्याच वर्षांत गेल्या. एकुलता एक मुलगा महेश परदेशी आहे. कुठे, तर "पुर्तुगालाक, व्हडल्या कंपनींत." यापुढे काका सांगत नाहीत, आणि जगाची चौकशी करणाऱ्या माणसाची चौकशी करायचा धीर गावात कोणाला नाही.

महेशच्या जाण्याची गोष्ट मात्र सगळ्यांना पाठ आहे. पोर्तुगीज काळात गोव्यात जन्मलेल्या माणसाने आपला जन्म लिस्बनला नोंदवला की मुलांना तिकडचा पासपोर्ट मिळायची वाट होते. आमच्या आजूबाजूला कितीतरी घरांनी ते केले आहे. महेशने बापाकडे तेवढेच मागितले. काका तुळशीपुढे उभे राहिले, घरातल्या खोलीकडे बोट केले आणि सगळ्या वाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हांव हे कुडींत जल्मलां. म्हजी आवय लिस्बनाक केन्ना गेल्ली?" वाडा पोट धरून हसला. आम्हीही हसलो. काकांनी कागदावर सही केली नाही, आणि महेश फिरायला जाणाऱ्यांच्या व्हिसावर निघून गेला.

हे सगळे खरे, पण काका म्हणजे काय चीज आहे ते कळायला त्यांची माटोळी पाहावी लागते. चवथीला गणपतीच्या डोक्यावर आम्ही लाकडी चौकट टांगतो आणि तिला रानातली, परसातली फळे, शेंगा, फुले बांधतो. हल्ली बहुतेक घरांची माटोळी बाजारातून येते. काकांची कारापूरच्या शिमेबाहेरून एक पानसुद्धा घेत नाही. चवथीच्या आधी ते कोयता आणि झोळी घेऊन डोंगरात शिरतात, कुठल्या कड्याखाली काय पिकले असेल ते मनाशी धरून चालतात आणि कधीही रिकाम्या हाताने परतत नाहीत. मग केवणीच्या झाडाच्या सालीचे दोर वळून एकेक वस्तू बांधली जाते. सुपारीचा कातरा, म्हणजे घड, चिबूड, घागऱ्या, लालबुंद कवंडाळ, नागूलकुड्याची जोडफळे. खाली उभे राहून वर पाहिले की मान खाली घ्यावीशी वाटत नाही. आख्खे गाव छताला टांगलेले असते.

आणि काका प्रत्येकाची ओळख करून देतात. "हो नागूलकुडो, देवळा फाटल्या घळींतलो. हीं कांगलां, बांदार आशिल्लीं, अजून लजतात." सर्वांत दाट जागी, बरोबर मध्यभागी, एक दोरी मात्र गेली काही वर्षे रिकामी लोंबते. कोणी विचारले की काका म्हणतात, "फळ मेळूंक ना." शिमेच्या आत मिळाले नाही म्हणून दोरी रिकामी ठेवली, बाजाराचे काही लावले नाही, असा अर्थ लोक काढत आणि या हट्टाला मनोमन हात जोडत. मीही जोडत असे.

असा माणूस ग्रामसभेत उठला की खुर्च्या सरकवायचे आवाजही बंद होतात. या उन्हाळ्यात विषय निघाला बाहेरून येणाऱ्या मजुरांचा. कोण कुठला, कागद आहेत की नाहीत, भाड्याने खोल्या देणाऱ्यांनी कोणाला ठेवले आहे, यावर आधीच तापातापी झाली होती. काका उठले. "भायले येतात, आमचीं शेतां करतात, आमच्यो कुडी भाड्यान घेतात. फाल्यां तेच आमकां विचारतले, तुमी खंयचे म्हूण. कागद ना तो गांवांत रावपाचो ना." टाळ्यांनी पत्रे वाजले. ठराव एकमताने झाला.

जूनमध्ये काका बांधावरून घसरले आणि गुडघा गेला. रोप तयार, नांगरट झालेली, आणि माणूस खुर्चीत. त्यांनी लावणीसाठी गावभर विचारले. कोणाचा मुलगा डिचोलीला दुकानात, कोणाचा कारखान्यात, कोणाची कंबर धरलेली. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकही जण चिखलात उतरला नाही. एका सकाळी पाहते तर काकांच्या शेतात एक चाळिशीचा काळासावळा माणूस आणि त्याची बायको वाकून लावणी करत होती. हात असे चालत होते की मी बस चुकवली आणि बघत राहिले. सोमरा आणि फुलमनी, झारखंडचे. साखळीतल्या एका बांधकामावरून काकांनी त्यांना आणले होते आणि पंपाच्या खोलीत राहायला जागा दिली होती.

मी कुंपणावरून विचारले, "काका, हे खंयचे?"

काकांनी माझ्याकडे पाहिले नाही. "कामाचे," म्हणाले.

त्याच संध्याकाळपासून चेकनाका सुरू झाला. सोमरा हातपाय धुऊन आला की काका त्याला पायरीवर बसवत आणि ट्रकवर शिकलेल्या हिंदीत सुरू करत. "तुम्हारा गांव का शीम किधर? इस बाजू में क्या? नदी? गरमी में पानी रहता?" रोज, न चुकता. आमच्या स्वयंपाकघरात सगळे ऐकू येई. मला वाटायचे, हे म्हातारे त्या बिचाऱ्याला पळवून लावणार. पण सोमरा काडीने मातीत रेघा ओढून सांगत बसे, फुलमनी मधूनच त्याची चूक काढी, आणि काका मान पुढे करून ऐकत. पंपाच्या खोलीमागे फुलमनीने गाठोड्यातून आणलेले कसले तरी बी पुरले होते. वेल वर चढला तेव्हा मला वाटले, आता तो उपटला जाणार. काका काठी टेकत गेले, पानाचा वास घेतला, बराच वेळ उभे राहिले आणि वेलाला एक आधाराची फांदी रोवून परत आले.

चवथ तोंडावर आली आणि आमच्या वाड्याचा पंच दिलीप चार मुलांना घेऊन काकांच्या अंगणात आला. मुलगा वाईट नाही. नीट बोलला. बाहेरच्या सगळ्या मजुरांची कार्डे बघतोय म्हणाला. फुलमनीने कार्ड आणून दाखवले. सोमराचे येताना गाडीत पिशवीसकट चोरीला गेले होते.

"मागीर फाल्यां ताका वचूंक जाय, काका," दिलीप म्हणाला. "कोण बांगलादेशचो, कोण खंयचो, आमकां कशें कळटलें? ठराव तुमचोच."

मी कपडे वाळत घालत होते, तशीच थांबले. सोमरा खाली मान घालून उभा होता. भात पोटरीला आलेले, फुलमनीचा वेल फुलावर, आणि दुसऱ्या दिवशी त्याला निघून जायचे होते. त्याची बायको काकांकडे बघत होती.

"फाल्यां कित्याक," काका शेवटी म्हणाले. "आयजच वचूंया. हांव तांकां घेवन पुलिसाकडेन वतां." आणि कुंपणाकडे वळून, "पेडणें, घोवाची गाडी काड."

डिचोलीच्या ठाण्यात फौजदार तरुण होता. त्याने सोमराला नाव, गाव, जिल्हा विचारायला सुरुवात केली आणि गणवेश बघून सोमराची वाचाच बसली. फौजदाराची भुवई वर गेली.

"हांव सांगतां," काका म्हणाले.

आणि त्यांनी सांगितले. माटोळीखाली उभे राहून सांगतात तसेच. गावाचे नाव, खुंटी शहराच्या पलीकडे कुठला फाटा. गावाच्या उगवतीला नदी, उन्हाळ्यात आटते, मग बायका वाळूत खड्डा करून पाणी काढतात. मावळतीला सालाचे रान. मधोमध चिंच, तिच्या मुळांवर बसून गावाची सभा भरते. सोमराचे घर चिंचेमागे, दारात मोहाचे झाड, वीज पडून अर्धे जळालेले. भावाचे नाव, तो मुखियाच्या म्हशी राखतो. आई सोमरा लहान असताना नदीकडेच गेली, ती कशी ते काकांनी सांगितले नाही, म्हणाले, "तें तांचें घरचें."

फौजदार पेन हातात धरून ऐकत होता. आमच्या लग्नाला इतकी वर्षे झाली, माझ्या माहेरच्या घराच्या दारात कुठले झाड आहे हे माझ्या नवऱ्याला सांगता येणार नाही.

"हें सगळें तुमकां कशें खबर?"

"विचारलें," काका म्हणाले. "मागीर आयकलें."

फौजदाराने तिकडे फोन लावून मुखियाला शोधले, आणि चिंच, भाऊ, जळालेले झाड सगळे विचारून घेतले. हुंकार देता देता तो दोनदा काकांकडे बघून हसला. मुखियाने कार्डाचा फोटो पाठवतो म्हटले. तोवर थांबा, असे आम्हाला सांगण्यात आले.

बाहेरच्या बाकावर काका गुडघा लांब करून बसले. सोमरा आणि फुलमनी समोरच्या गाड्यावर चहा पीत होती. काका त्यांच्याकडे बघत म्हणाले, "महेश कंपनींत ना, पेडणें."

मी बाकावर त्यांच्याशेजारी बसले.

"शेतांत आसा. प्लास्टिकाच्या मांडवांत फळां काडटा, लोकांचीं. हांगा म्हज्या शेतांत ताणें केन्ना पांय घालूंक ना. कागदाची मुदत सोंपून तेंप जालो. आयतारा भायर सरना, कोण विचारीत म्हूण भियेता." त्यांनी गुडघा चोळला. "फोनार हांव विचारतां, शेताच्या उदेंतेक कितें आसा रे? न्हंय? दोंगर? म्हणटा, बाबा, प्लास्टिक आसा. अस्तंतेक? प्लास्टिक. चड सांगना. सोमरा म्हाका सगळें सांगता, आनी म्हजो पूत सांगना."

"सांगेल, काका."

"एक सय मागिल्ली ताणें म्हज्याकडेन." त्यांनी सही न केलेल्या हाताची बोटे उघडून पाहिली. "थंयूय ग्रामसभा आसतली न्हय? कोण तरी उठून म्हणटलो, हो खंयचो. म्हणूं दी. विचारूंक जाय. पूण विचारून जबाब आयकूंक कोण रावता?"

लिस्बनच्या त्या वाक्याला आम्ही किती हसलो होतो ते मला आठवले आणि मला रडू आले. काकांनी ते पाहिले असावे, कारण ते लगेच म्हणाले की या गाड्यावरची मिरची भजी नक्की बेळगावची, इतक्या लांबून वास येतो. संध्याकाळी फोटो आला. फौजदाराने सोमराला सोडले आणि निघताना काकांना खाली वाकून नमस्कार केला.

चवथीच्या आदल्या दिवशी दुपारी मी नेहमीप्रमाणे मिरच्यांची पुडी घेऊन गेले. काकांनी हुंगली आणि नेहमीप्रमाणे परत दिली. ओसरीवर डोंगर उतरून आला होता. यंदा रानात सोमरा गेला होता, काकांनी खुर्चीत बसून सांगितलेल्या वाटांनी, आणि कड्याखालून, घळीतून, बांधावरून एकूण एक वस्तू घेऊन आला होता. आता तो शिडीवर उभा राहून बांधत होता आणि काका खालून हुकूम सोडत होते. चौकट भरत भरत अशी दाट झाली की छत दिसेना. उरली ती मधली दोरी. सोमराने ती हातात धरली आणि खाली पाहिले.

"इसमें क्या बांधना है, बाबा?"

दिलीप दारात उभा होता, बघायला आलेला. तो म्हणाला, "ती रिकामीच आसता. फळ मेळना काकांक."

"फळाची न्हय ती," काका म्हणाले. "आमच्या घरांत दर एकल्यान आपल्या हातान एक तरी बांदूंक जाय, अशी चाल. ती महेशाची दोरी."

सोमराने दोरी पटकन सोडली, जणू चुकून कोणाच्या देवघरात हात घातला. काका खुर्चीचे हात धरून उठले. दुखरा गुडघा सरळ होत नव्हता, तरी उभे राहिले आणि फुलमनीकडे वळून म्हणाले, "वो तुम्हारा बेल का, क्या नाम, ले के आओ."

ती धावत गेली आणि ओंजळीत घोस घेऊन आली. दोडक्याच्या जातीची, पण बोटाएवढी आणि एकाच देठाला झुपक्याने लागलेली फळे. "सतपुतिया, बाबा," ती म्हणाली. काकांनी तो घोस घेतला, देठाशी नाक नेले. मी वाट पाहिली. त्यांनी काहीच जाहीर केले नाही. घोस शिडीवर सोमराच्या हातात दिला.

"बांद," म्हणाले.

सोमराने दोरी पुन्हा धरली. केवणीची गाठ दोनदा सुटली. काका वर बघत उभे होते, आणि मी जवळ होते म्हणून मलाच ते ऐकू आले.

"थंय म्हज्या पोराकूय कोणें तरी म्हणूंक जाय गो, बांद म्हूण."